हौशी मासेमारीला सूट देताना: संरक्षित किनाऱ्यांचे नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
संरक्षित सागरी क्षेत्रांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या आणि तेथील मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी हौसेने गरवणारा, म्हणजे गळाने मासे धरणारा, माणूस आहे. पोटासाठी मासे धरण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही. खडपावर उभे राहून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्यात सोडणे आणि तासन्‌ तास वाट पाहणे हा माझा छंद आहे. आपल्यापुढे येणाऱ्या मसुद्यांत ज्यांचा उल्लेख ‘हौशी मासेमार’ असा होतो, त्या वर्गातला मी एक. या वर्गाकडून आपल्याकडे जी निवेदने येतात, त्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो: जाळी आणि ट्रॉलर यांना खुशाल बंदी घाला, पण आम्हां गळवाल्यांना मोकळे सोडा, एका गळाने समुद्राचे असे काय बिघडणार आहे? मी त्याच वर्गातला असूनही मला वेगळे म्हणायचे आहे. संरक्षित क्षेत्रात हौशी मासेमारीला दिली जाणारी सरसकट सूट काढून घ्यावी, आणि जिथे परवानगी द्यायचीच असेल तिथले नियम टोपलीत किती मासे आले यावर न बेतता पाण्यात कोणते आणि किती उरले यावर बेतावेत, अशी माझी विनंती आहे.

हे आताच लिहिण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत जगातील देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. मुदत जवळ आहे, नकाशावर नव्या रेषा भराभर आखल्या जात आहेत, आणि प्रत्येक रेषेला विरोध करणारे कोणी ना कोणी आहेच. तो विरोध बोथट करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘व्यावसायिक मासेमारीस बंदी, हौशी मासेमारीस मुभा’ हे वाक्य. त्यामुळे क्षेत्राची नोंद होते, टक्केवारी भरते आणि कोणी फारसे नाराज होत नाही. प्रश्न एवढाच उरतो की या वाक्याने मासे वाढतात का.

या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर जवळजवळ प्रयोगासारखे मिळालेले आहे. तिथे मिमिव्हांगाटा नावाचे सागरी उद्यान १९८४ मध्ये स्थापन झाले. पुढे काही वर्षांत तेथील व्यावसायिक मासेमारी पूर्णपणे थांबली. हौशी मासेमारी मात्र चालू राहिली, तीही मोकाट नव्हे, तर माणशी एक दोरी, तिला एक गळ आणि वजन न लावलेली, अशा कडक वाटणाऱ्या अटींवर. कागदावर पाहिले तर आपल्यापैकी अनेकांना हा नियम आदर्श वाटेल. पण संशोधकांनी उद्यानातले मासे आणि शेजारच्या खुल्या किनाऱ्यावरचे मासे मोजून ताडून पाहिले, तेव्हा गरवणाऱ्यांचा तिथला सर्वांत आवडता मासा, म्हणजे स्नॅपर, उद्यानात बाहेरच्यापेक्षा जास्त आढळला नाही. जाळी गेली, ट्रॉलर गेले, वीसेक वर्षे लोटली, आणि तरीही ज्या माशाला संरक्षण मिळायला हवे होते त्याला ते मिळाले नाही. जाळ्यांनी सोडलेला वाटा गळांनी उचलला, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लावणे मला तरी जमत नाही.

त्याच किनाऱ्यासमोरच्या पुअर नाइट्स बेटांची गोष्ट याच्या उलट आहे. ही बेटे १९८१ मध्ये सागरी राखीव क्षेत्र झाली, पण त्यांच्या बहुतेक भागात हौशी मासेमारी चालू ठेवण्यात आली. १९९८ मध्ये तीही बंद झाली. त्यानंतरच्या चार वर्षांत तेथील स्नॅपरची संख्या सातपटीहून अधिक झाली. ही वाढ तिथे जन्मलेल्या पिल्लांची नव्हती, कारण एवढ्या थोड्या काळात पिल्ले मोठी होत नाहीत. बाहेरून येणारे मोठे मासे आता तिथे टिकून राहू लागले होते. टीकाकार याच मुद्द्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात की मासे वाढले नाहीत, नुसते जागा बदलून आले. मला हा आक्षेप उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. मधली सतरा वर्षेही मासे येतच असणार, फक्त राखीव म्हणवणाऱ्या पाण्यात ते टिकत नव्हते. आणि त्यांना न टिकू देणारे आम्हीच होतो, कारण मासे धरायला तिथे दुसऱ्या कोणाला फारसा वाव नव्हता.

म्हणून पहिली मागणी ही, की प्रत्येक संरक्षित क्षेत्राचा गाभा सर्वांना बंद असावा आणि त्या ‘सर्वां’त हौशी गरवणारे निःसंदिग्ध शब्दांत धरलेले असावेत. तो भाग कोणालाच नको असलेल्या गाळवट कोपऱ्यात काढून चालणार नाही. जिथे कातळ, प्रवाळ किंवा सागरी गवत आहे, जिथे मासे राहतात आणि म्हणून जिथे आम्हांला जायचे असते, तिथेच तो हवा. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००४ पासून ग्रेट बॅरिअर रीफचा सुमारे एक तृतीयांश भाग असा पूर्ण बंद केला, तेव्हा गरवणाऱ्यांकडून ओरड झालीच. पण त्याच आराखड्याने आमच्यासाठी काही भाग मोकळा ठेवला आणि काही भागात माणशी एकच दोरी व एकच गळ एवढीच मुभा ठेवली, त्यामुळे कुठे काय चालते हे माणसाला रंगीत नकाशा पाहून कळते. बंद भागाचा फायदा नुसता माशांच्या मोजणीत दिसत नाही, हेही इथे सांगायला हवे. न्यूझीलंडच्याच लीह येथे १९७५ पासून कोणालाही काहीही काढू न देणारे राखीव क्षेत्र आहे. तिथे मोठे स्नॅपर आणि शेवंडे परत आल्यावर त्यांनी सागरी साळिंदर, म्हणजे कातळावरची वनस्पती खरवडून खाणारे काटेरी जीव, आटोक्यात आणले आणि उघड्या पडलेल्या कातळावर केल्प शैवालाचे रान पुन्हा उभे राहिले. मोठा मासा आम्ही नेला की फक्त मासाच जात नाही, त्याने राखलेले रानही जाते.

आता ज्या भागात गरवायची परवानगी असेल त्या भागाकडे वळतो. तिथे बहुतेक समित्या पहिला नियम करतात तो माणशी दिवसाला अमुक इतक्या माशांचा. हा नियम मला नकोसा नाही, पण त्याच्याकडून जी अपेक्षा केली जाते ती तो कधीच पुरी करू शकत नाही. माणशी पाच मासे ही मर्यादा एका माणसाला लागू होते. माणसे किती यावी यावर ती काहीच बोलत नाही. दहा जणांच्या जागी शंभर जण आले, तर प्रत्येकाने नियम काटेकोर पाळूनही पन्नासाच्या जागी पाचशे मासे जातात. व्यावसायिक बोटींचा माल निदान ठरावीक बंदरांत उतरतो आणि तिथे मोजता येतो. आमचा माल शेकडो खडपांवरून, धक्क्यांवरून आणि छोट्या होड्यांमधून थेट घरी जातो, आणि त्याची कोणत्याही वहीत नोंद होत नाही. उत्तर युरोपातील सी बास या माशाचा साठा घसरू लागला, तेव्हा हिशेब केल्यावर निघाले की त्या पाण्यातून जाणाऱ्या माशांपैकी सुमारे चौथा हिस्सा हौशी गरवणाऱ्यांकडे जात होता. तोवर ‘एका गळाने काय होते’ हेच सगळे म्हणत होते.

माणसांची संख्या न मोजता केवळ हंगाम आखडत नेला तर काय होते, याचे उदाहरण मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरचे आहे. तेथील अमेरिकी संघराज्याच्या पाण्यात खासगी हौशी होड्यांसाठीचा हंगाम काळाच्या ओघात खूप कमी झाला आणि २०१७ मध्ये तो आधी अवघ्या तीन दिवसांचा जाहीर झाला. तीनच दिवस मिळणार म्हटल्यावर जो तो त्याच तीन दिवसांत, हवा कशीही असो, बाहेर पडणार हे उघड होते. पुढे राजकीय दबावाखाली हंगाम वाढवून द्यावा लागला. माशांचेही भले झाले नाही आणि नियमाची पतही गेली.

यावर मला सुचणारा उपाय फारसा लोकप्रिय नाही. गरवणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी करावी, संरक्षित क्षेत्रासाठी वेगळा परवाना असावा, त्या परवान्यांची एकूण संख्या मर्यादित असावी, आणि काय धरले व काय सोडले हे कळवणे परवान्याची अट असावी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार जानेवारी २०२६ पासून काही ठरावीक जातींसाठी हौशी मासेमारांची नोंदणी आणि पकडीची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देणे बंधनकारक झाले आहे, म्हणजे ही कल्पना अगदीच हवेतली नाही. आमच्यापैकी अनेकांना ती चीड आणणारी वाटेल. पण ज्याला आपल्या पकडीचे फोटो दिवसभर मित्रांना पाठवायला वेळ असतो, त्याला त्या माशाची लांबी एका रकान्यात भरायला वेळ नाही, हे मला पटत नाही.

लांबीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबून लिहितो, कारण नियमांच्या मसुद्यांत सर्वांत जास्त गफलत इथेच दिसते. बहुतेक ठिकाणी फक्त किमान लांबी ठरवलेली असते. त्यामागचा विचार रास्त आहे: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्यावीत. २०१५ मध्ये युरोपात सी बासची किमान लांबी ३६ वरून ४२ सेंटीमीटर केली गेली ती याचसाठी, कारण आधीच्या मर्यादेत बहुतेक माद्या एकदाही अंडी न घालता धरल्या जात होत्या. पण केवळ किमान लांबी ठेवली की सगळा मारा आपोआप मोठ्या माशांवर जातो, आणि त्यात आमच्या स्वभावाची भर पडते; हात पसरून लांबी दाखवण्याचा मोह कोणत्याही गरवणाऱ्याला चुकलेला नाही. इथेच घोटाळा होतो, कारण मोठी मादी ही लहान मादीची नुसती वाढीव प्रत नसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेकडो जातींच्या माशांचा हिशेब मांडला होता. त्यात असे दिसले की मादीचे वजन ज्या पटीत वाढते त्यापेक्षा तिच्या अंड्यांची संख्या जास्त पटीत वाढते. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी २ किलोच्या अठ्ठावीस माद्यांइतकी अंडी देते, म्हणजे ३० किलोंची बरोबरी करायला लहान माद्या ५६ किलोंच्या लागतात. गाभोळीने भरलेली तशी एक मादी खडपावर आडवी पडली की दैनिक मर्यादेच्या हिशेबात ती ‘एक मासा’ म्हणूनच धरली जाते.

काही जातींत तर लांबी म्हणजेच लिंग. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे जिताड्यातले सगळ्यांत मोठे मासे जवळजवळ सगळ्या माद्याच. हेकरूच्या, म्हणजे ग्रूपरच्या, अनेक जातींत याच्या उलटे असते: आधी मादी, मग मोठेपणी नर. तिथे मोठे मासे वेचून काढले की माद्या उरतात, पण नर पुरत नाहीत. दोन्ही बाबतींत ‘लहान सोडा, मोठा न्या’ हा सोपा नियम नेमका चुकीच्या टोकावर घाव घालतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये जिताड्यासाठी किमान ५८ आणि कमाल १२० सेंटीमीटर अशा दोन्ही मर्यादा आहेत. फ्लोरिडात स्नूक आणि रेड ड्रम या माशांसाठीही अशीच खालची व वरची हद्द आहे. आपल्या नियमांतही प्रत्येक मुख्य जातीसाठी असा पट्टा असावा, आणि तो त्या जातीच्या जीवनक्रमावरून ठरावा, शेजारच्या क्षेत्राचा तक्ता उतरवून नव्हे. सोबत लांबी कशी मोजायची हेही स्पष्ट लिहावे. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, की शेपटीच्या बेचक्यापर्यंत? तोंड मिटलेले, की उघडे? दुभंगलेल्या शेपटीच्या माशात शेपटीच्या या दोन मापांत काही सेंटीमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यावरून कायदेशीर मासा बेकायदा ठरतो. वादाच्या प्रसंगी अधिकारी एक माप घेतो, गरवणारा दुसरे, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात.

पट्ट्याचा नियम केला की बरेच मासे सोडून द्यावे लागणार, आणि आता मी ज्या गोष्टीकडे येतो तिच्याविषयी आमच्या वर्गात सर्वांत जास्त गोड गैरसमज आहेत. ‘धरा आणि सोडा’ या पद्धतीत मासा मरत नाही, असे आम्ही समजतो. मासा हातातून निसटून खाली जाताना दिसतो, आणि दिसेनासा झाला की तो जगला असे आम्ही धरून चालतो. २००५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सोडलेल्या माशांपैकी मरणाऱ्यांचे सरासरी प्रमाण सुमारे १८ टक्के निघाले. जातीप्रमाणे, खोलीप्रमाणे आणि गळ कुठे रुतला त्याप्रमाणे ते पुष्कळ कमी-जास्त होते, पण सरासरीच घेतली तरी दिवसभरात वीस मासे धरून वीसही सोडणाऱ्या, आणि घरी रिकाम्या हाताने जाणाऱ्या, सज्जन माणसाने तीन-चार मासे मारलेले असतात. दोन मासे घेऊन गळ गुंडाळणाऱ्याने त्याच्यापेक्षा कमी मारले. नियम मात्र पहिल्याला शाबासकी देतो आणि दुसऱ्याच्या पिशवीत डोकावतो.

हे मरण कसे येते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटर खोलीवरच्या माशाच्या वाताशयातला, म्हणजे तरंगण्यासाठी पोटात असलेल्या पिशवीतला, वायू पृष्ठभागावर येईपर्यंत जवळपास चौपट फुगतो. रीळ भराभर फिरवून आणलेला हेकरू वर येतो तेव्हा त्याचे पोट ताठ झालेले असते, डोळे बाहेर आलेले असतात, आणि जठर उलटे होऊन गुलाबी फुग्यासारखे तोंडातून बाहेर आलेले असते. त्याला पाण्यात सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. पाठीवर तरंगत राहतो आणि पक्षी किंवा ऊन त्याचा निकाल लावतात. कित्येक जण ते बाहेर आलेले जठर म्हणजेच वाताशय समजून त्याला टोचतात आणि आपण माशाला मदत केली अशा समाधानात घरी जातात. योग्य उपाय म्हणजे माशाला जबड्याला धरून वजनाच्या साहाय्याने पुन्हा खोल नेणे आणि तिथे सोडणे. दाब वाढला की वायू आपोआप आकसतो. त्यासाठीचे साधन साधे आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरील संघराज्याच्या पाण्यात खडकाळ भागातील मासे धरणाऱ्या होडीवर ते जवळ बाळगणे जुलै २०२० पासून सक्तीचे आहे. संरक्षित क्षेत्रातही ते सक्तीचे असावे. आणि त्याहून चांगले म्हणजे ठरावीक खोलीपलीकडे तळाशी गरवणेच बंद असावे, म्हणजे असा मासा वर आणण्याचा प्रसंगच येणार नाही.

गळाच्या आकाराचेही असेच. नेहमीचा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा गळ माशाने गिळला की घशात किंवा जठरात रुततो. टोक आत वळलेला गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि सहज काढता येतो. एकच पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे मासा लागल्याची चाहूल आली की सवयीप्रमाणे रॉडला हिसका द्यायचा नाही, दोरी हळूहळू ताणत न्यायची. नैसर्गिक आमिष लावताना असा गोल गळच वापरावा, त्याची अणकुची, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, दाबून सपाट केलेली असावी, मासा कोरड्या फडक्याने किंवा गरम खडकावर ठेवून हाताळू नये, आणि गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापावा, एवढ्या गोष्टी नियमात आल्या तर सोडलेल्या माशाला जगण्याची खरी संधी मिळेल. आणि दैनिक मर्यादा पुरी झाली की गळ गुंडाळायचा, ‘आता सोडण्यासाठी धरतो’ ही सबब चालणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. या एका वाक्याला आमच्याकडून सर्वांत जास्त विरोध होईल, याची कल्पना मला आहे.

विणीच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो. अनेक जातींचे हेकरू वर्षातल्या ठरावीक पौर्णिमांच्या आसपास ठरावीक जागी हजारोंनी जमतात आणि तिथेच अंडी घालतात. ती जागा कळली की मासे धरायला कौशल्य लागत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या लिटल केमन बेटाजवळ नॅसाऊ ग्रूपर या जातीच्या हेकरूंचा असा मेळावा २००१ मध्ये मासेमारांच्या लक्षात आला आणि दोन हंगामांत त्यातले हजारो मासे काढले गेले. २००३ मध्ये तिथे बंदी आली आणि पुढच्या दीड दशकात तो मेळावा पुन्हा कित्येक पटींनी वाढला. म्हणून बंदीचे महिने आर्थिक वर्षाच्या किंवा पर्यटनाच्या सोयीने न ठरवता माशांच्या विणीवरून ठरवावेत, आणि अशा जागांचे नेमके अक्षांश-रेखांश प्रसिद्ध न करता त्यांच्याभोवतीचा बराच मोठा भाग त्या काळात बंद ठेवावा, नाहीतर संरक्षणाचा नकाशाच शिकारीचा नकाशा होतो.

साधनांविषयी फार लिहीत नाही. श्वसनाची टाकी लावून भाला चालवण्यास बंदी असावी, कारण त्यात माशाला पळायला वावच उरत नाही. आमिषासाठी ओहोटीच्या वेळी कातळ उलथून किडे, खेकडे आणि शिंपले गोळा करणे हीही मासेमारीच आहे, आणि उलथलेला दगड पुन्हा पालथा न घालता निघून जाणाऱ्याने त्या दगडाखालचे सगळे जगच उन्हात टाकलेले असते. त्यावर मर्यादा हवी. शिशाच्या वजनांना पर्याय आहेत. तुटलेले तंगूस पाण्यात न टाकता परत आणण्याची सक्ती असावी, आणि ते टाकायला प्रत्येक धक्क्यावर पेटी असावी.

स्पर्धांबद्दल मात्र एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. ‘सर्वांत मोठा मासा’ या निकषावर बक्षीस देणारी कोणतीही स्पर्धा संरक्षित क्षेत्रात किंवा त्याच्या सीमेला लागून होऊ देऊ नये. वर लांबीविषयी जे लिहिले त्याच्याशी ती थेट विसंगत आहे.

आता एक अवघड बाजू. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगणाऱ्या छोट्या मासेमारांना संरक्षणाच्या नावाखाली हटवायचे आणि त्याच पाण्यात सुटीला आलेल्या हौशी माणसाला रॉड घेऊन उभे राहू द्यायचे, हे अनेक ठिकाणी घडते आणि ते मला अन्यायाचे वाटते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये हौशी मासेमारीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हौशी मासेमारीची ओळखच अशी दिली आहे की ती माणसाच्या पोषणाचे मुख्य साधन नसते आणि तिचा माल सामान्यतः विकला जात नाही. म्हणजे कोणाला तरी आवर घालायचाच असेल, तर ज्याची चूल त्यावर अवलंबून नाही त्याच्यापासून सुरुवात व्हायला हवी. व्यवहारात उलटे होते, कारण होडीवाल्या हौशी माणसाचा आवाज समितीपर्यंत लवकर पोचतो. सभेची वेळ, निवेदनाची भाषा, हरकती नोंदवण्याची पद्धत, हे सगळे आमच्या सोयीचे असते. आपण सुनावणी घ्याल तेव्हा ती मासेमारांच्या वस्तीत आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावी.

याच संदर्भात विक्रीचा प्रश्न येतो. हौशी परवान्याखाली धरलेला मासा गुपचूप विकला जाणे ही सर्वत्र आढळणारी पळवाट आहे, आणि तिचा फटका परवाना घेऊन धंदा करणाऱ्याला बसतो. फ्रान्सने यावर २०११ मध्ये एक साधा तोडगा काढला: ठरावीक जातींचा मासा हौशी माणसाने धरला, तर त्याच्या शेपटीचा खालचा भाग त्याने लगेच कापायचा. कापलेल्या शेपटीचा मासा बाजारात दिसला की तो कुठून आला ते विचारावेच लागत नाही. कात्रीपलीकडे कसलाही खर्च नसलेला हा नियम सर्वत्र का उचलला गेला नाही, याचे मला नवल वाटते.

नियम कितीही चांगले असले तरी ते पहाटेच्या अंधारात, ओल्या हातांनी, फोनला रेंज नसताना पाळायचे असतात, हे मसुदा लिहिताना डोळ्यांपुढे असावे. वक्र किंवा ‘प्रवाळाच्या कडेपासून अमुक मीटर’ अशा सीमा पाण्यावरून कोणालाच दिसत नाहीत. शक्य तिथे दोन ठळक भूशिरांना जोडणारी सरळ रेषा घ्यावी, आणि खोल समुद्रात अक्षांश-रेखांशांच्या सरळ रेषा. फलक असे लावावेत की होडी पाण्यात लोटण्याआधी ते वाचता येतील. त्यांवर कायद्याची कलमे न छापता माशांची चित्रे, लांबीचे पट्टे आणि बंद भागाचा नकाशा असावा, आणि फलकाच्या कडेलाच सेंटीमीटरच्या खुणा कोराव्यात. नियम भराभर बदलू नयेत. दर वर्षी मर्यादा बदलणाऱ्या क्षेत्रात गरवणारा शेवटी मागच्या वर्षीचाच नियम पाळतो. दंडाबाबत माझे मत असे की पहिल्या चुकीला समज आणि पुन्हा तसेच केल्यास परवाना रद्द व्हावा. मोठ्या रकमेचा पण कधीच वसूल न होणारा दंड कोणालाही धाक घालत नाही.

शेवटची विनंती मोजणीची आहे. नियम लागू करण्यापूर्वी बंद भागात, परवानगीच्या भागात आणि क्षेत्राबाहेर अशा तीन ठिकाणी माशांची संख्या व लांबी नोंदवावी, आणि त्यानंतर ठरावीक काळाने तीच पाहणी त्याच पद्धतीने करून तिचे आकडे कोणालाही वाचता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करावेत. पुनर्विलोकनाची तारीख नियमाच्या मजकुरातच छापलेली असावी, आणि तेव्हा परवानगीच्या भागातले मासे बाहेरच्यापेक्षा वाढलेले नसतील, तर ती परवानगी वेगळ्या ठरावाची वाट न पाहता आपोआप संपावी, असे कलम मसुद्यात घालावे. या मोजणीसाठी माणसे कमी पडत असतील, तर आमच्यापैकी पुष्कळ जण धक्क्यावर पट्टी घेऊन उभे राहायला तयार होतील. मीही त्यांत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक हौशी गरवणारा